अगोदर पांढरं, मग लाल

लोखंड

पावसाळ्याआधीची शेवटची आगबोट दिघीसमोर उभी राहिली, तेव्हा बदरुद्दीन सगळ्यांच्या शेवटी उतरला. त्याचं सामान पडावात घ्यायला कुणी खलाशी तयार नव्हता. माणसाच्या छातीएवढं उंच, काळं, गोल नळकांडं, डोक्यावर पितळी चावी. बरोबर एक पत्र्याची पेटी आणि रबरी नळ्यांचं वेटोळं.

"हात जपून लावा, फुटेल," बदरुद्दीन म्हणाला, आणि म्हणताक्षणी त्याला कळलं की हे बोलायला नको होतं. पडावातली माणसं पाय आखडून मागे सरकली. एक बाई पोराला घेऊन दुसऱ्या टोकाला गेली.

किनाऱ्यावर बुधाजी कोळी कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. तो ओरडला, "बदरू, किल्ल्यावरच्या कलालबांगडी तोफेची लेक पळवून आनलीस का रं?"

"लेक न्हाय, हवा हाय आत."

"हवा? हवा मुंबईहून आनलीस? हिथं कमी पडली व्हती?"

सगळा किनारा हसला. बदरुद्दीनही हसला, पण त्याचे कान तापले. बुधाजीचा थोरला भाऊ धर्माजी तांडेल मात्र हसला नाही. त्याची होडी नुकतीच वर ओढली होती, झावळ्यांनी शाकारायचं काम चाललं होतं. ते सोडून तो आला. "दात काय काढता? बांबू आना," म्हणाला. दोघा भावांनी नळकांडं दोराने बांबूला बांधलं, बांबू खांद्यावर घेतला आणि वाळूतून, चढणीवरून, मोहल्ल्यातल्या बदरुद्दीनच्या परसापर्यंत वाहून नेलं. टेकवल्यावर बुधाजीने खांदा चोळला. तिथे लाल वळ उठला होता.

"मिस्त्री झालास, बदरू," धर्माजी म्हणाला. "बरं झालं. गावचा लोहार म्हातारा झाला. त्याचा भाता कोंबडीसारखा खोकतो."

बदरुद्दीन मिस्त्री झालेला नव्हता. माझगावच्या ज्या वर्कशापात तो होता तिथे तो नळ्या ओढायचा, कारबाईडचे दगड फोडायचा, मिस्त्रीला विडी पेटवून द्यायचा. मंदीत वर्कशाप बंद पडलं, माणसं चहूकडे पांगली, आणि चोरबाजारात टाकाऊ नळी, मोडका चश्मा असलं स्वस्तात मिळालं ते गोळा करून तो घरी निघाला. पण घरी पाठवलेल्या निरोपांत तो केव्हाच मिस्त्री झाला होता. बायको मासूमा विहिरीवर तसंच सांगत होती.

"व्हय," तो धर्माजीला म्हणाला. "झालो."

इतका साधा शब्द. त्याला जीभ उचलायलाही वेळ लागला नाही.

जीभ

पाऊस लागला. परसातल्या पडवीत बदरुद्दीनने आपली भट्टी मांडली. भट्टी म्हणजे काय, तर एक अर्धं कापलेलं पिंप पाण्याने भरलेलं, त्यात उपडा घातलेला घासलेटचा डबा, आणि डब्याखाली टोपलीत कारबाईडचे दगड. पाणी दगडाला लागलं की दगड उकळायचा, ग्यास डब्यात चढायचा आणि डबा हळूच वर उचलला जायचा. वास असा, की कुजक्या लसणीची पोती कुणी घरात ओतलीत.

"शेजारची खतिजाखाला विचारत होती," मासूमा म्हणाली. "म्हणते, तुमच्याकडे कोण मेलंय?"

"तिला सांग, अजून कुणी न्हाय."

नळ्या जोडल्या, चश्म्याची एक काडी तुटली होती तिथे दोरा बांधला. निळ्या काचा डोळ्यांवर आल्या तेव्हा बदरुद्दीनच्या ध्यानात आलं, की आपल्याला हे काम येत नाही. वर्कशापात नुसत्या डोळ्यांनी ज्योतीकडे पाहायची बंदी होती आणि चश्मा एकच होता, तो मिस्त्रीच्या डोळ्यांवर. बदरुद्दीनने इतकी वर्षं मिस्त्रीची पाठ पाहिली होती. हात पाहिला नव्हता.

मिस्त्रीचं एक बोलणं तेवढं त्याच्याजवळ होतं. काम कसलंही असो, म्हातारा आधी कानस घ्यायचा आणि घासत बसायचा. गंज, रंग, तेल, सगळं जाऊन लोखंड चांदीसारखं दिसेपर्यंत. आणि म्हणायचा, "अगोदर पांढरं, मग लाल. घाई असेल त्यानं शिंपी व्हावं."

पहिल्या दिवशी ठिणगी लावल्यावर नळीच्या टोकातून पिवळी, काजळी ओकणारी ज्योत निघाली आणि पडवीचं छप्पर काळं करून गेली. दुसऱ्यांदा नळीत फट्कन आवाज झाला, ज्योत आत शिरली, बदरुद्दीनची भुवई गेली. मासूमा धावत आली. त्याच्या तोंडाकडे बघून तिला हसू आवरेना.

"मिस्त्रींच्या भुवया अशाच असतात का?"

"बराच काळ काम केलं न्हाय. हात बसला न्हाय."

पुन्हा तेच. तिला सांगायलाही त्याला जमलं नाही.

पाऊस कोसळत होता आणि तो शिकत होता. हवेच्या नळकांड्याची चावी जराजराशी उघडली, की पिवळी ज्योत आखडते. मग तिच्या आत एक लहान निळी जीभ दिसते. जीभ टोकदार आणि गप्प हवी. फुसफुसायला लागली तर ती लोखंड जाळते. मोडक्या बादल्या, फुटक्या कंदिलांचे तळ, गंजून गेलेली विळ्याची पाती, जे मिळेल त्यावर तो ती जीभ फिरवत होता. पत्र्याला भोकं पडत. दोन तुकडे वरून चिकटल्यासारखे दिसत आणि ओट्यावर आपटले की फटकन सुटत. हाताच्या मागच्या बाजूला ठिणग्यांचे फोड आले. नळकांड्यातली हवा संपत चालली होती, आणि नवं नळकांडं आता पावसाळा सरल्यावर मुंबईहूनच यायचं होतं.

शिकवलं शेवटी मासूमाने, तिला न कळता. ती घावन घालत होती. तव्यावर पीठ ओतून स्वस्थ बसली. बदरुद्दीनने उलथनं उचललं तसा तिने त्याच्या हातावर चापट मारली.

"थांब. कडा सुटू दे. जाळी पडू दे. आपण घाई केली तर फाटतंय."

तो तव्याकडे बघत राहिला. आणि दुपारी निळ्या काचांतून पाहिलं, की लोखंडही तसंच आहे. ज्योत एका जागी धरायची, वाट पाहायची. दोन्ही कडा ओल्या होतात, एकमेकींकडे झुकतात आणि त्यांचं एक थेंबाएवढं तळं होतं. ते तळं पुढे न्यायचं, मागे तार वितळवत जायचं. त्या दिवशी पहिल्यांदा त्याची रेघ सरळ आली. माशाच्या खवल्यांसारखी, एकावर एक सरकलेली. त्याने तो तुकडा जोत्यावर आपटला. मोडला नाही. वाकला, पण मोडला नाही.

तो तुकडा मासूमाने उशाच्या कोनाड्यात ठेवला. येईल त्या बाईला दाखवू लागली.

मग विहिरीच्या रहाटाची कडी आली. मग मशिदीच्या फाटकाचं बिजागर आलं. प्रत्येक वेळी बदरुद्दीन आधी कानस घेऊन बसला, लोखंड पांढरं केलं, मग ज्योत लावली. कडी धरली. बिजागरही धरलं. बदरुद्दीन मोहल्ल्यातून चालताना माणसं वाट देऊ लागली, आणि त्याला ते आवडू लागलं.

हळद

श्रावण लागला तेव्हा धर्माजी आला. त्याच्याबरोबर बुधाजी, दोघांच्या मधे बांबूला टांगलेला चार नखांचा नांगर, आणि मागून त्यांची आई आवडाबाई, डोक्यावर पोतं पांघरून.

"एका नखाच्या मुळाशी चीर हाय," धर्माजी म्हणाला. "शेवटच्या खेपेला खडकात अडकला तवा पडली. लोहार म्हनतो, एवढं जाड माझ्यानं तापायचं न्हाय. नवा मुंबईहून यायचा तर आगबोट पुनवेनंतर. आनि मला पुनवेला होडी लोटायची हाय."

बदरुद्दीनने नांगर खाली उतरवून घेतला. हात लावताच बोटं घसरली. सगळं लोखंड तेलाने माखलेलं होतं, मुशी माशाच्या काळजाच्या तेलाने, आणि वरून हळदीचा जाड लेप. चिरेत तर तेल भरूनच राहिलं होतं. ते आजचं नव्हतं. वर्षानुवर्षं मुरलेलं, काळं, चिकट.

धर्माजीच्या घरातला तो रिवाज होता. होडी वर ओढली की आवडाबाई नांगराला तेल पाजायची, हळद लावायची आणि ओसरीच्या कोपऱ्यात केळीच्या पानावर निजवायची. पुनवेला नारळ पडेपर्यंत त्याला लोखंड लावायचं नाही. तिच्या सासूने केलं होतं, तिच्या सासूच्या सासूने केलं होतं.

"तापवायचं ते तापव बाबा," आवडाबाई म्हणाली. "इस्तव देवच हाय. पर कानस लावू नको हां. पूजलेल्याची चामडी सोलल्यावानी व्हतं ते."

बदरुद्दीन उकिडवा बसला होता. त्याच्या हातात कानस होतीच. त्याने ती मांडीखाली सरकवली.

"न लावता चालंल ना रं?" ती म्हणाली.

पडवीच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. बुधाजी ग्यासच्या डब्यावर टिचकी मारून बघत होता. धर्माजी बदरुद्दीनकडे बघत होता, ज्या नजरेने गावात फक्त मुंबईच्या मिस्त्रीकडे बघतात. आणि आवडाबाई, जिने तो लहान असताना त्याची आई तापाने निजली असता पेजेचा टोप मोहल्ल्यात पाठवला होता, ती वाकून उत्तराची वाट बघत होती. कोळ्यांच्या देवाचं लोखंड. आपण मुसलमानाने त्यात नाही कसं म्हणायचं, असं त्याच्या मनात आलं. हे मनात आलं हे खरं. पण त्याच्या खाली आणखी एक होतं, आणि ते त्याने नंतर पुष्कळ वेळा उचलून पाहिलं: 'येत नाही' हा शब्द मिस्त्रीच्या तोंडी शोभत नाही.

"चालंल," तो म्हणाला.

बुडबुडे

करवंट्यांचा विस्तव केला. नांगर त्यात आडवा ठेवला. तेल जळू लागलं आणि परस माशाच्या वासाने भरला. हळद काळी झाली. धूर थांबल्यासारखा वाटला तसा बदरुद्दीनने चश्मा चढवला आणि ज्योत लावली.

कडा ओल्या झाल्या. झुकल्या. तळं झालं. आणि तळ्याच्या बुडातून एक बुडबुडा आला.

तो फुटला. त्याच्या जागी दुसरा आला. चिरेत खोलवर राहिलेलं तेल आता उकळून वर येत होतं. बारीक बुडबुडे, घावनावर यावेत तसे. बदरुद्दीनने ज्योत काढली, थांबला, पुन्हा लावली. पुन्हा बुडबुडे. कानस हाताशी होती. नांगर गार करायचा, चीर उघडून खोलपर्यंत घासायची, पांढरी करायची, मग भरायची. हे त्याला माहीत होतं. मिस्त्रीचा आवाजही त्याने ऐकला.

पण पडवीच्या बाहेर तिघं उभे होते आणि आवडाबाईने हात जोडले होते.

त्याने तार जास्त वितळवली. वरून भरलं. मग आणखी वरून भरलं. बुडबुड्यांवर लोखंडाचं झाकण बसलं. शेवटची रेघ इतकी सुरेख आली की तशी त्याच्या हातून आधी कधी आली नव्हती. खवले, सारखे, चकचकीत.

"वा रं मिस्त्री!" बुधाजी म्हणाला.

गार झाल्यावर त्याने हातोडीने ठोकून पाहिलं. इतर तीन नखं वाजली टण्ण. चौथं वाजलं ठक्क. त्याने परत ठोकलं नाही. मासूमाला म्हणाला, डांबराचा डबा आण. दोन हात डांबर मारलं, जोड दिसेनासा झाला.

धर्माजीने नांगर बांबूवर घेतला. जाताना बुधाजीने बदरुद्दीनच्या पाठीवर धपका घातला. ओला, जड, मायेचा धपका.

न बोललेलं

आता हे झालं असतं तर.

बदरुद्दीन म्हणाला असता, "आवडाकाकी, कानसेशिवाय न्हाय होनार. चिरेत तेल हाय. तेल असलं की आत भोकं राहतात."

आवडाबाई म्हणाली असती, "मग?"

"मग पुनवेपर्यंत थांबू. नारळ पडू दे. दुसऱ्या दिवशी घासतो, दुसऱ्या दिवशी जोडतो."

धर्माजी म्हणाला असता, "पुनवेला सगळ्या होड्या जातील आनि माझी किनाऱ्यावर?"

आणि आवडाबाई त्याला म्हणाली असती, "एक दिस गेली न्हाय तर समुद्र आटत न्हाय."

एवढंच. एवढं बोलायला पानसुपारीपेक्षा जास्त वेळ लागत नाही. हे बोलणं बदरुद्दीनने पुढे इतक्या वेळा केलं, की कधीकधी त्याला ते झाल्यासारखं वाटे. मग टण्ण आणि ठक्क हे दोन आवाज आठवत आणि ते झालेलं नाही हे कळे.

पुनव

नारळ पडला. होड्या लोटल्या. धर्माजीची होडी पुढे. नांगर होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर ठेवलेला, नवी हळद, नवा झेंडूचा हार. आवडाबाई गुडघाभर पाण्यात उभी राहून हात हलवत होती.

बदरुद्दीन वाळूवर चालत होडीच्या बाजूबाजूने गेला. पाणी मांड्यांपर्यंत आलं.

"धर्मादादा, नांगर एकदा बघायचा व्हता."

"काय बघायचाय?"

"असंच. जोड."

"अरं, तुझा हात लागलाय त्याला!" धर्माजी मोठ्याने म्हणाला, म्हणजे इतर होड्यांनाही ऐकू जावं. "मुंबईच्या मिस्त्रीचा! आल्यावर बघ."

होडीतली माणसं हसली. बुधाजीने वल्ह्याने बदरुद्दीनच्या तोंडावर पाणी उडवलं. "घरला जा, तुझी कलालबांगडी रडत असंल."

पाणी तोंडावरून ओघळू देत तो उभा राहिला. अजून एक शब्द बोलता आला असता. शीड चढलं. मग अंतर इतकं पडलं की ओरडावं लागलं असतं, आणि ओरडून सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

पुढच्या दिवसांत काम भरपूर आलं. सुकाणूची बिजागरं, गळांच्या मोठ्या आकड्या. बदरुद्दीन एकेक वस्तू घासत बसायचा. इतकं घासायचा की मासूमा म्हणाली, "लोखंड उरेल ना त्यात?" तो घासतच राहिला. जेवताना हात धुतले तरी लोखंडाची पूड नखांत राहायची, आणि तो नखांकडेच बघत घास घ्यायचा. वारा फिरला की उठून परसाच्या बांधावर जायचा.

वारा एका दुपारी फिरला. दक्षिणेकडून काळं चढलं. होड्या आसरा घ्यायला आडोशाकडे धावल्या. संध्याकाळ व्हायच्या आत बऱ्याच परत आल्या. धर्माजीची आली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, दुसऱ्या होडीने ओढून आणलेली, एका बाजूच्या फळ्या आत गेलेल्या. बुधाजी तळाशी आडवा होता, जाळ्यांच्या ढिगावर. त्याच्या डाव्या पायावर धोतर गुंडाळलं होतं आणि धोतर काळं झालं होतं.

धर्माजी किनाऱ्यावर उभ्या माणसांना सांगत होता, एकच गोष्ट पुनःपुन्हा. "नांगर टाकला. धरला. मग एकदम सुटला. होडी खडकाकडं चालली. बुधा पायानं रोखायला गेला. पायानं होडी रोखतात का? पायानं?"

बुधाजीला तरीच्या होडीतून खाडीपलीकडे आगरदांड्याला नेलं, तिथून मुरुडला. तो परत आला तेव्हा गुडघ्याखाली पाय नव्हता.

जाळी

नांगर आवडाबाई घेऊन आली. एकटी. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर नांगर, तीन नखं आभाळाकडे. बदरुद्दीनने धावत जाऊन उतरवून घेतला. त्याचे हात घसरले. नव्याने तेल लावलं होतं. नव्याने हळद.

"बाबा, माझंच चुकलं," ती म्हणाली.

त्याने नांगर जोत्याला टेकवला.

"औंदा होडी वर ओढली तवा मला ताप व्हता. मी सुनंला सांगितलं, तू लाव तेल. तिनं लावलं, पर पानावर निजवला न्हाय. भुईवरच ठेवला. मला कळलं तवा मी म्हनलं, जाऊ दे. जाऊ दे म्हनलं मी! नांगर रागावला रं. माझ्या लेकाचा पाय घेतला." तिने पदर तोंडात धरला. "आता तेल पाजलंय. माफी मागितलीय. तू परत जोड. थोरल्याचं पोट हाय त्याच्यावर. सासऱ्याच्या मोडक्या नांगराचं एक नख घरी हाय, ते देते."

पडवीच्या उंबऱ्यात मासूमा उभी होती. तिने पाण्याचा तांब्या आणला होता तो तिच्या हातातच राहिला.

बदरुद्दीनने नांगर फिरवला. चौथं नख गेलं होतं तिथला मोडकं तोंड वर आलं. कडेला बारीक, चकचकीत, सुरेख रेघ. आणि आत, सगळीभर, काळी भोकं. घावनाची जाळी.

तो गप्प राहिला असता तर चाललं असतं. ही गोष्ट त्याला त्या क्षणी स्पष्ट दिसली. म्हातारी स्वतःवर घेऊन आली होती. सून होती, केळीचं पान होतं, रागावलेला नांगर होता. त्याचं नाव कुठेच नव्हतं.

"काकी, बोट घाल," तो म्हणाला.

"कशात?"

त्याने तिचं बोट धरून एका भोकावर ठेवलं. करंगळीचं टोक आत गेलं.

"हे तुझ्या तेलाचं भोक हाय. पर तुझी चूक न्हाय. चिरेतलं तेल घासून काढायला लागतं. कानसेनं. मला ठाऊक व्हतं. जोडताना मला बुडबुडे दिसले. मी वरून झाकलं. ठोकून बघितलं तवा आवाज खोटा आला. त्याच्यावर डांबर फासलं."

आवडाबाईने बोट काढून घेतलं. बोटाला काजळी लागली होती. ती त्या काजळीकडे बघत राहिली.

"मी तुला विचारलं व्हतं," ती हळू म्हणाली.

"व्हय."

"मी विचारलं, न लावता चालंल ना?"

"व्हय."

"तू म्हनालास, चालंल."

त्याला खाली बघायचं होतं. खाली नांगर होता.

"तू न्हाय म्हनला असतास, तर पुनवेनंतर लावली असती कानस," आवडाबाई म्हणाली. "एक दिस होडी उशिरा गेली असती. एक दिस. मी काय देवाला हट्ट सांगनारी बाई हाय का रं? मला काय ठाऊक तेलानं काय व्हतं? तू मिस्त्री."

"मी मिस्त्री न्हाय." हे तिला म्हटलं पण ऐकलं मासूमाने. "मी नळ्या ओढायचो."

म्हातारी उठली. नांगर तिथेच टाकून, चुंबळ हातात घेऊन निघून गेली. मासूमाने तांब्या जोत्यावर ठेवला. मग म्हणाली, "मी विहिरीवर बायांना सांगत होते."

"ठाऊक हाय."

"रोज सांगत होते."

ती आत गेली. कोनाड्यातला तो पहिला सरळ रेघेचा तुकडा तिने उचलला, बाहेर आणून त्याच्यासमोर ठेवला आणि पुन्हा आत गेली.

त्याच दिवशी धर्माजी आला. त्याने भोकांकडे पाहिलं. बोट घातलं नाही.

"हे तुला आधी दिसलं व्हतं?"

"व्हय."

"पुनवेला पान्यात आलास तवा हेच सांगायला आला व्हतास?"

"व्हय."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"तू सगळ्यांसमोर म्हनालास, तुझा हात लागलाय."

बदरुद्दीनला वाटलं तो मारील. मारलं असतं तर बरं झालं असतं. धर्माजीने हात उचलला, पण तो स्वतःच्याच तोंडावरून फिरवला, आणि गेला.

कानस

त्यानंतर कुणी लोखंड आणलं नाही. आणलेलं होतं ते माणसं येऊन मुकाट्याने घेऊन गेली. मशिदीच्या फाटकापाशी दोघंजण बिजागर हलवून बघताना बदरुद्दीनने पाहिले. बिजागर पक्कं होतं. ते त्याने सांगितलं नाही. आता त्याच्या सांगण्याला काय किंमत.

आवडाबाईचा निरोप आला तो सुनेकडून नाही; ती स्वतः मोहल्ल्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिली आणि तिथूनच ओरडली.

"नांगर घेऊन ये. कानस पन आन. माझ्या अंगनात करायचं. मला बघायचंय."

तो खांद्यावर नांगर घेऊन गेला. वाटेत बायका घागरी घेऊन थांबल्या. तेलाने खांदा बुळबुळीत झाला, नांगर सारखा सरकत होता, आणि जिथे बुधाजीला वळ उठला होता तिथेच त्याला रुतत होता. त्याने खांदा बदलला नाही.

अंगणात सासऱ्याच्या मोडक्या नांगराचं नख काढून ठेवलेलं होतं. धर्माजी होडीकडे होता. फळ्या बसवण्याच्या ठोक्यांचा आवाज किनाऱ्यावरून येत होता. ओसरीवर बाजेवर बुधाजी होता, भिंतीकडे तोंड करून. त्याच्या अंगावरचं पांघरूण एका बाजूला लवकर संपत होतं.

आवडाबाईने पदराने नांगर पुसला. हळद पुसली, तेल पुसलं. पदर पिवळा झाला. मग ती मांडी घालून बसली, नांगराची दांडी मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"लाव," ती म्हणाली.

बदरुद्दीनने कानस लावली.

पहिला आवाज झाला तशी ती आखडली, कानस तिच्याच अंगावरून फिरल्यासारखी. पण हात सुटले नाहीत. कानस चालू राहिली. काजळी निघाली, डांबर निघालं, त्याची ती सुरेख रेघ पूड होऊन आवडाबाईच्या लुगड्यावर पडली. भोकं उघडी झाली. एकेका भोकातून काळं तेल झिरपलं. तो पुसत होता आणि घासत होता. कानसेचे दात भरले की दगडावर आपटून झाडत होता. ऊन अंगणात आलं, सरकलं. तळहाताचा जुना फोड फुटला आणि मूठ ओली झाली. त्याने मुठीला चिंधी गुंडाळली. सून पाणी ठेवून गेली. दोघांपैकी कुणी घेतलं नाही.

बाजेवर हालचाल नव्हती. पण घासणं थांबलं की तिकडचा श्वासही थांबल्यासारखा वाटे, आणि पुन्हा सुरू झालं की सुटे.

हळूहळू भोकं संपली. लोखंड उजळलं. मोडीचं सगळं तोंड चांदीसारखं झालं. आवडाबाई वाकून त्यात बघू लागली. तिचं आयुष्य या नांगराबरोबर गेलं होतं, आणि त्याच्या आतला रंग ती पहिल्यांदा बघत होती.

"पांढरा हाय रं," ती म्हणाली.

तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला. भिंतीकडेच तोंड, पण आवाज स्पष्ट.

"बदरू."

कानस थांबली. पाय गेल्यापासून बुधाजी त्याला पहिल्यांदाच काही बोलत होता.

"आता चालंल का रं?"

किनाऱ्यावरचे ठोके ऐकू येत होते. आवडाबाई त्याच्या तोंडाकडे बघत होती. बदरुद्दीनने नांगर उजेडाकडे फिरवला. सगळं पांढरं होतं. फक्त अगदी मुळाशी, जिथे चीर सुरू झाली होती तिथे, केसाएवढी एक काळी रेघ उरली होती. ती त्याच्याशिवाय कुणाला दिसली नसती.

"न्हाय," तो म्हणाला. "अजून न्हाय."

आवडाबाईने दांडी मांडीवर पुन्हा नीट घेतली आणि पकड घट्ट केली.